मांडीचे हाड लांबवल्यावर स्नायूंचा आकार आणि जाडी यांवर काय परिणाम होतो?

मृण्मयी

नमस्कार. माझा धाकटा भाऊ २३ वर्षांचा आहे. अकरा वर्षांचा असताना तो झाडावरून पडला आणि त्याच्या उजव्या मांडीचे हाड गुडघ्याच्या अगदी वर मोडले. हाड जुळले, परंतु तिथल्या वाढीच्या पट्टीला इजा झाल्यामुळे त्या टोकाची वाढ थांबली, आणि आज त्याचा उजवा पाय डाव्यापेक्षा साडेचार सेंटिमीटर आखूड आहे. बुटाला उंच तळ लावून तो चालतो, तरीही संध्याकाळपर्यंत त्याची कंबर भरून येते. अस्थिरोगतज्ज्ञांनी मांडीचे हाड लांबवण्याची शस्त्रक्रिया सुचवली आहे. नवे हाड कसे तयार होते, हे त्यांनी आम्हांला कागदावर चित्र काढून समजावले. मात्र भावाच्या मनातला प्रश्न स्नायूंचा आहे आणि ओपीडीच्या गर्दीत तो नीट विचारता आला नाही.

त्याची उजवी मांडी आधीच डाव्यापेक्षा वाळलेली दिसते. तो नियमित व्यायामशाळेत जातो आणि ही मांडी भरावी म्हणून खूप मेहनत घेतो. आता हाड लांबवले की त्याभोवतीचे स्नायूही ताणले जाणार. मग मांडी आणखी बारीक होईल का? स्नायू खरोखर लांब होतो, की कायम ताणलेल्या अवस्थेतच राहतो? पोटरीचा आकार बदलतो का? आणि सगळे पार पडल्यावर व्यायामाने दोन्ही मांड्या सारख्या दिसण्याची कितपत शक्यता असते? ज्यांना या विषयाची माहिती किंवा अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

अस्थिबंध

मृण्मयीताई, मी अस्थिशल्यचिकित्सक आहे. तुमच्या भावाला मी तपासलेले नाही, त्यामुळे त्याच्याविषयीचे निर्णय त्याच्या डॉक्टरांचेच राहतील. परंतु तुमचा प्रश्न अतिशय योग्य आहे आणि तो शस्त्रक्रियेच्या आधीच विचारला गेला पाहिजे. हाड लांबवण्याच्या उपचारात हाड बहुतेक वेळा सांगितल्याप्रमाणे वागते. खरी परीक्षा स्नायूंची असते.

स्नायू खरोखर लांब होतो. स्नायूचा प्रत्येक तंतू म्हणजे सार्कोमिअर नावाच्या सूक्ष्म एककांची एकापुढे एक जोडलेली रांग असते. आकुंचनाचे काम हीच एकके करतात, आणि माणसाच्या स्नायूत त्यांची सर्वांत कार्यक्षम लांबी सुमारे २.७ मायक्रोमीटर असते. कापलेल्या हाडाची दोन टोके एकमेकांपासून दूर सरकू लागली की आधी प्रत्येक सार्कोमिअर थोडा ताणला जातो. हा ताण हळूहळू आणि सातत्याने मिळत राहिला, तर तंतू मुख्यतः आपल्या टोकांशी, म्हणजे जिथे तो स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेला मिळतो तिथे, नवे सार्कोमिअर जोडतो, आणि जुन्या सार्कोमिअरना पुन्हा त्यांच्या सोयीच्या लांबीकडे परतता येते. वाढीव लांबीतला काही वाटा कंडराही उचलते. पण समजा, एखाद्या तंतूला दिवसाला एक मिलिमीटर लांबी एकट्यानेच भरून काढायची आहे, तर त्याला रोज सुमारे ३७० नवे सार्कोमिअर तयार करावे लागतील. हा आकडा मी मुद्दाम सांगतो, कारण त्यावरून वेगाचे महत्त्व लक्षात येते.

सायबेरियातील कुर्गान येथे १९५०च्या दशकापासून हाड कापून हळूहळू लांबवण्याची ही पद्धत विकसित करणाऱ्या गावरिल इलिझारोव्ह यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत दिवसाला अर्धा मिलिमीटर, एक मिलिमीटर आणि दोन मिलिमीटर असे वेग तपासले होते. अर्ध्या मिलिमीटरला हाड वेळेआधीच जुळू लागे, दोन मिलिमीटरला हाडाबरोबर मऊ ऊतींचेही नुकसान होई, आणि एक मिलिमीटर हा वेग सर्वांत चांगला ठरला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तोच एक मिलिमीटर जितक्या लहान हप्त्यांत दिला, तितक्या चांगल्या रीतीने स्नायू, नसा आणि रक्तवाहिन्या जुळवून घेत. आज बहुतेक रुग्णांना पाव मिलिमीटर दिवसातून चार वेळा असे वेळापत्रक दिले जाते, त्याचे मूळ तिथे आहे. वेग जास्त झाला, तर सार्कोमिअर जोडले जाण्याऐवजी तंतूंना इजा होते, त्यांच्यामध्ये ताठर संयोजी ऊती वाढतात आणि स्नायू लांब न होता आखडतो.

आता जाडीकडे येऊ. नवे सार्कोमिअर रांगेच्या लांबीत जोडले जातात. शेजारी शेजारी नव्या रांगा तयार होत नाहीत. स्नायूची ताकद आणि जाडी मात्र शेजारच्या रांगांवर, म्हणजे छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. म्हणून लांबवण्याच्या क्रियेतून स्नायू जाड होण्याची अपेक्षा ठेवू नये. उलट समजा, ३० सेंटिमीटर लांबीचा एखादा स्नायू ३४ सेंटिमीटरचा झाला आणि त्याचे एकूण आकारमान तेवढेच राहिले, तर त्याच्या छेदाचे सरासरी क्षेत्रफळ सुमारे १२ टक्क्यांनी आणि व्यास सुमारे ६ टक्क्यांनी कमी होईल. हा केवळ कागदावरचा हिशेब आहे, पण त्यातून एक गोष्ट दिसते. निव्वळ ताणामुळे येणारा बारीकपणा मर्यादित असतो. उपचारादरम्यान मांडी जी ठळकपणे उतरलेली दिसते, तिचे मोठे कारण वापर कमी होणे हे आहे. काही महिने पायावर पूर्ण भार नसतो, वेदनेमुळे स्नायू पूर्ण ताकदीने आकुंचन पावत नाही, आणि अशा वेळी निरोगी माणसाचीही मांडी उतरते. हा दुसरा भाग बराचसा भरून येऊ शकतो.

सगळे स्नायू सारखे ताणले जात नाहीत, हे फारसे कुणी समजावून सांगत नाही. जो स्नायू कापाच्या वर सुरू होऊन खाली संपतो, तोच ताणला जातो. नितंबाच्या बाजूचे ग्लूटियस मीडियस आणि मिनिमस हे स्नायू मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकालाच चिकटतात, त्यामुळे त्यांना ताण येत नाही. कमरेच्या हाडापासून थेट गुडघ्याखाली जाणारे रेक्टस फिमोरिस (मांडीच्या पुढचा), हॅमस्ट्रिंग (मागचे) आणि सार्टोरिअस (मांडीवरून तिरका जाणारा) यांना पूर्ण साडेचार सेंटिमीटर सोसावे लागतात. मांडीच्या पुढचे व्हास्टस स्नायू हाडाच्या बऱ्याच लांबीवरून उगम पावतात. त्यांचा कापाच्या वरून निघणारा भाग ताणला जातो आणि खालून निघणारा भाग ताणला जात नाही. एकाच स्नायूचे दोन भाग अशा रीतीने वेगळे वागतात, आणि मांडीच्या बाह्याकारात नंतर जो सूक्ष्म फरक दिसतो त्याचे हे एक कारण आहे.

त्यातही तंतूची मूळ लांबी निर्णायक असते. सार्टोरिअसचे तंतू सुमारे ४० सेंटिमीटर लांब असतात. त्यांच्या दृष्टीने साडेचार सेंटिमीटर म्हणजे एक नवमांशाच्या आसपास वाढ. व्हास्टस आणि रेक्टस यांचे तंतू तिरके असून साधारण सात ते दहा सेंटिमीटरचे असतात, म्हणजे त्यांच्यासाठी तीच वाढ जवळजवळ निम्मी ठरू शकते. मांडी लांबवताना गुडघा वाकणे हेच सर्वांत आधी अवघड होते, याचा उलगडा इथे होतो.

पोटरीविषयी तुम्ही निश्चिंत राहावे. गॅस्ट्रोक्नेमियस हा पोटरीचा वरवरचा स्नायू मांडीच्या हाडाच्या अगदी खालच्या टोकापासून, गुडघ्याच्या मागून सुरू होतो. काप त्याच्या वर असल्यामुळे तो स्नायू गुडघ्यासह जसाच्या तसा खाली सरकतो आणि त्याला थेट ताण बसत नाही. भार कमी पडल्यामुळे पोटरी काही काळ उतरेल, तेवढेच.

नदीकाठ

वरील प्रतिसादात पोटरीविषयी जे लिहिले आहे ते मांडीच्या शस्त्रक्रियेला लागू आहे. माझे गुडघ्याखालचे, नडगीचे हाड लांबवले होते, म्हणून दुसरी बाजूही नोंदवते. मला लहानपणी हाडात जंतुसंसर्ग झाला होता आणि त्यामुळे पाय आखूड राहिला होता. माझ्या पायाला रिंग, म्हणजे तारांनी हाडाला जोडलेली बाहेरची गोलाकार चौकट, बसवली होती.

नडगी लांबवताना पोटरीचे स्नायू सर्वांत जास्त विरोध करतात. टाच वर ओढली जाते आणि चवड्यावर चालण्याकडे पाय वळतो. मला रोज पट्ट्याने पाऊल आपल्याकडे ओढून धरावे लागे आणि रात्री घोटा काटकोनात ठेवणारा स्प्लिंट बांधून झोपावे लागे. एवढे करूनही शेवटी टाच टेकेना, तेव्हा टाचेच्या वरची कंडरा छोट्या छेदांतून सैल करावी लागली. चालणे त्यामुळे सुधारले आणि त्या निर्णयाविषयी माझ्या मनात जराही किंतु नाही. परंतु त्याचा पोटरीच्या रूपावर आणि जोरावर परिणाम झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. माझ्या त्या पायाची पोटरी वर सरकल्यासारखी दिसते. मांसल भाग आखूड आणि उंचावर आहे, खाली कंडरेचा भाग लांब आणि बारीक आहे. दोन्ही पायांवर टाचा उचलता येतात, पण फक्त त्या पायावर तोल धरून टाच पूर्ण उंचीपर्यंत उचलणे अजूनही जमत नाही. घोट्याभोवतीची त्वचा आणि नडगीवरचे व्रण यांच्याकडे लोकांचे लक्ष जाते. पोटरीचा फरक मात्र मी सांगितल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही.

साडीत किंवा सलवारीत काही दिसत नाही म्हणून या गोष्टीला महत्त्व नाही, असे मला अनेकांनी समजावले. मला ते कधीच पटले नाही. शरीर आपले असते आणि ते कसे दिसेल हे आधी जाणून घेण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहे. तुमच्या भावाने हा प्रश्न मनात दाबून न ठेवता विचारला, याचे मला फार बरे वाटले.

ऊर्मी फिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि अशा रुग्णांसोबत बरीच वर्षे काम करते. ‘नदीकाठ’ यांचा अनुभव शास्त्राशी तंतोतंत जुळतो. पोटरीतील सोलियस आणि गॅस्ट्रोक्नेमियस यांचे तंतू जेमतेम चार ते पाच सेंटिमीटरचे असतात, त्यामुळे नडगी चार सेंटिमीटरने लांबवली तरी त्यांच्याकडून फार मोठी अपेक्षा केली जाते. कंडरा सैल केली की स्नायूचा मांसल भाग वर सरकतो आणि टाच उचलण्याची ताकद घटते. म्हणून शक्य असेल तेथे आम्ही आधी ताणाचे व्यायाम, स्प्लिंट आणि लांबवण्याचा वेग कमी करणे यांवर भर देतो.

मृण्मयीताई, मांडीच्या बाबतीत पहिले ध्येय आकाराचे नसते, गुडघ्याचे असते. लांबवण्याच्या काळात रोज गुडघा किती वाकतो आणि पूर्ण सरळ होतो की नाही, याची नोंद ठेवावी लागते. गुडघा ४५ अंशांपेक्षाही कमी वाकू लागला, तर लांबवणे मंद करणे किंवा काही दिवस थांबवणे याविषयी डॉक्टरांशी तातडीने बोलावे लागते. गुडघ्याची वाटी हाताने चारही बाजूंना हलवणे, पालथे झोपून गुडघा वाकवणे, हॅमस्ट्रिंग ताणण्यासाठी गुडघा सरळ ठेवून बसणे, नितंबाचा सांधा मागे नेणे, हे सर्व दिवसातून अनेकदा करायचे असते. रेक्टस फिमोरिस हा स्नायू नितंब आणि गुडघा अशा दोन सांध्यांवरून जातो; त्यामुळे खुर्चीत बसून गुडघा वाकवला तर त्याला पुरता ताण मिळत नाही, पालथे झोपून वाकवला तरच मिळतो. हा फरक घरच्यांनाही माहीत असावा, कारण रोजचा व्यायाम घरीच होतो.

मापाविषयी एक सावधगिरीची सूचना. अनेक जण गुडघ्याच्या वाटीपासून ठरावीक अंतरावर, उदाहरणार्थ दहा सेंटिमीटरवर, टेपने मांडीचा घेर मोजतात आणि शस्त्रक्रियेच्या आधीच्या मापाशी त्याची तुलना करतात. हाड साडेचार सेंटिमीटरने वाढल्यावर त्या ठिकाणी स्नायूचा पूर्वीचाच भाग राहत नाही. मांडी वर जाडी आणि खाली निमुळती असते, म्हणून जुन्याच अंतरावर घेतलेले माप अनेकदा प्रत्यक्षापेक्षा निराशाजनक येते. दोन्ही पायांची लांबी सारखी झाल्यावर डाव्या मांडीशी त्याच अंतरावर केलेली तुलना अधिक अर्थपूर्ण ठरते. त्याला ताकदीच्या मोजमापाची जोड द्यावी, कारण घेरात त्वचेखालची चरबी आणि सूज हीदेखील मोजली जाते.

मैदानप्रेमी

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, परंतु खेळांच्या इतिहासाचा वाचक म्हणून एक उदाहरण द्यावेसे वाटते. उंच उडीत १९६३मध्ये २.२८ मीटरचा जागतिक विक्रम नोंदवणारे सोव्हिएत खेळाडू व्हालेरी ब्रुमेल यांचा पाय १९६५मध्ये मोटारसायकलच्या अपघातात चिरडला गेला होता. अनेक शस्त्रक्रियांनंतरही हाड जुळेना आणि पाय आखूड झाला, तेव्हा ते कुर्गानला इलिझारोव्ह यांच्याकडे गेले. तेथील उपचारानंतर त्यांनी पुन्हा दोन मीटरहून उंच उडी मारली. ते पूर्वीच्या विक्रमापर्यंत पोहोचले नाहीत, हेही खरे आहे. पण लांबवलेल्या पायाचे स्नायू इतका जोर पुन्हा कमावू शकतात, हे मला फार मोलाचे वाटते.

अस्थिबंध

ब्रुमेल यांचे उदाहरण योग्य आहे. त्यात एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. त्यांचा पाय अपघाताने आखूड झाला होता, म्हणजे त्यांचे स्नायू पूर्वी पूर्ण लांबीचे होते. अशा रुग्णांत आपण स्नायूंना त्यांच्या जुन्या लांबीकडे परत नेत असतो आणि ते तुलनेने सहज साथ देतात. जन्मजात आखूड हाड असलेल्या मुलांत स्नायू आणि त्यांच्यावरील आवरणे मुळातच आखूड आणि ताठ असतात, सांधेही अस्थिर असू शकतात, आणि तिथे प्रत्येक सेंटिमीटरसाठी झगडावे लागते. अकॉन्ड्रोप्लेसिया, म्हणजे हातपाय आखूड राहणारा जन्मजात बुटकेपणा, असलेल्या व्यक्तींमध्ये याच्या उलट, हाडांच्या मानाने मऊ ऊती सैल आणि भरपूर असल्यामुळे बरीच मोठी लांबी गाठता येते.

मृण्मयीताईंच्या भावाचे प्रकरण यांच्या मधले आहे. मांडीच्या हाडाची सुमारे ७० टक्के वाढ गुडघ्याजवळच्या पट्टीतून होते, आणि ती पट्टी अकराव्या वर्षी बंद पडली, तर साडेचार सेंटिमीटरचा फरक अपेक्षितच आहे. त्याचे स्नायू त्या लांबीपर्यंत कधी पोहोचले नव्हते, परंतु ते जन्मतः निरोगी होते. कमतरता ज्या हाडात आहे तेच हाड लांबवले जाणार असल्यामुळे मांडी आणि नडगी यांचे प्रमाणही दुसऱ्या पायासारखेच होईल.

मृण्मयी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. भावाने सर्व प्रतिसाद वाचले. त्याचे दोन प्रश्न आहेत. डॉक्टरांनी रिंग आणि हाडाच्या आत बसणारा नेल (धातूची सळई) असे दोन पर्याय सांगितले आहेत. स्नायूंच्या दृष्टीने त्यांत फरक पडतो का? आणि वजन घेऊन व्यायाम केव्हा सुरू करता येतो?

अस्थिबंध

फरक पडतो, विशेषतः मांडीत. बाहेरच्या चौकटीच्या तारा आणि पिना स्नायू भेदून हाडात जातात. मांडीच्या बाहेरील बाजूस त्या व्हास्टस लॅटरॅलिस आणि त्यावरचा इलिओटिबिअल पट्टा यांना हाडाशी खिळवून टाकतात, आणि गुडघा वाकवताना हे स्नायू मोकळेपणी सरकू शकत नाहीत. म्हणूनच पुढच्या स्नायूंतून तार घालताना आम्ही गुडघा वाकवून ठेवतो आणि मागच्या स्नायूंतून घालताना सरळ ठेवतो. स्नायू लांब अवस्थेत असताना भेदला गेला तर नंतर हालचालीला अडथळा कमी होतो. बाहेरून चुंबकाच्या साहाय्याने चालवला जाणारा नेल आत असल्यामुळे ही अडचण टळते. त्याच्या मर्यादा वेगळ्या आहेत. खर्च मोठा असतो, नवे हाड पक्के होईपर्यंत पायावर मर्यादितच भार देता येतो, आणि जुन्या मोडीमुळे हाड वाकडे असेल किंवा त्यात कधी जंतुसंसर्ग झाला असेल तर तो बसवणे योग्य नसते. रिंग बसवलेल्या रुग्णाला सहसा लवकर भार देऊन चालवले जाते आणि त्याचा स्नायूंना फायदाच होतो. इलिझारोव्ह पद्धतीचा अनुभव असलेले शल्यचिकित्सक पुण्या-मुंबईपुरते मर्यादित नाहीत, अकोल्यासारख्या शहरातही हे काम दीर्घकाळ चालत आले आहे. म्हणून निर्णयापूर्वी दुसरे मत घेणे अवघड नाही.

ऊर्मी फिजिओ

दुसऱ्या प्रश्नाविषयी सांगते. साडेचार सेंटिमीटरसाठी सुरुवातीचा विश्रांतीचा आठवडा धरून सुमारे सात ते आठ आठवडे लांबवण्यात जातात, आणि त्यानंतर नवे हाड पक्के होण्यासाठी दर सेंटिमीटरमागे साधारण एक महिना किंवा अधिक काळ धरून चालावे. लांबवण्याच्या काळात स्नायू जाड करण्याचा प्रयत्न करू नये. तेव्हा ताण, सांध्यांची हालचाल आणि जागच्या जागी स्नायू आवळणे एवढेच काम असते. लांबवणे थांबल्यावर हलका रबरी पट्टा, पाण्यातील व्यायाम आणि स्थिर सायकल येतात. एक्स-रेमध्ये नव्या हाडाच्या चार बाजूंपैकी किमान तीन बाजूंना सलग कवच दिसू लागले आणि डॉक्टरांनी पूर्ण भाराची परवानगी दिली, की मग स्क्वॉट, पायरी चढणे, लेग प्रेस असे वजनाचे व्यायाम क्रमाक्रमाने वाढवता येतात. मांडीच्या पुढच्या स्नायूंची ताकद परत यायला वर्ष, कधी दोन वर्षेही लागतात, आणि घेर ताकदीच्या मागून येतो.

दोन्ही मांड्या अगदी सारख्या होतील असे आश्वासन मी देणार नाही, कारण त्याच्या उजव्या मांडीतला मूळचा फरक बारा वर्षांच्या असमान भारातून आलेला आहे. मात्र पाय सारखे झाल्यावर त्या मांडीला प्रथमच पूर्ण वाटा मिळेल, आणि त्या वयात स्नायू त्याला चांगला प्रतिसाद देतात. आत्ता, शस्त्रक्रियेच्या आधी, त्याने व्यायामशाळा सोडू नये. मांडीच्या पुढच्या स्नायूंबरोबर हॅमस्ट्रिंग आणि रेक्टस यांची लवचिकता वाढवण्यासाठी रोज वेळ द्यावा, पालथे झोपून दोन्ही गुडघे किती वाकतात याची नोंद करून ठेवावी, आणि ती वही पहिल्या भेटीत आपल्या फिजिओथेरपिस्टला दाखवावी.